दारातलं मीठ

२० मार्च

आलो एकदाचा. शिझुओकाला उतरलो तेव्हा फुजी ढगात तोंड खुपसून बसला होता. बसू दे, मी डोंगर बघायला आलेलो नाही. या गावात प्लास्टिकची मॉडेलं करणाऱ्याला कुणी वेडा म्हणत नाही, एवढं मला पुष्कळ झालं. निईगाताला, आमच्या गावी, वडील शेजाऱ्यांना सांगायचे, मुलगा रंगकाम करतो. ऐकणाऱ्याला वाटायचं, भिंती रंगवतो.

उन्नोबाईंचं घर नदीकडच्या गल्लीत आहे. खाली कामाची खोली, वर माझी निजायची. बाई साठीच्या, चणीनं बारीक, नाकावर माशी बसू देणार नाहीत. दाराच्या दोन्ही बाजूंना बशीत मिठाचे दोन सुळके ठेवलेत, खानावळींच्या दारात असतात तसे. मी गमतीनं त्या सुळक्यांना वाकून नमस्कार केला. बाई हसल्या नाहीत.

माझं काम म्हणजे एक यान. नाव मिसागो. अंतराळात मोडून पडलेली यानं ओढून आणणारं, लांबीला माझ्या हाताएवढं. बाईंनी ते रणगाड्यांच्या, जहाजांच्या, कशाकशाच्या तुकड्यांतून जोडलंय. मला ते रंगवायचं आणि जुनवायचं आहे. सत्तर वर्षं राबलेलं दिसलं पाहिजे. मे महिन्यातल्या प्रदर्शनात ते काचेच्या पेटीत बसेल आणि समोरच्या काचेवर करणाऱ्यांची नावं कोरलेली असतील. माझं नाव येईल का, असं मी पहिल्याच चहाला विचारून घेतलं.

"ज्याचं काम, त्याचं नाव," बाई म्हणाल्या.

मग आलंच म्हणायचं. जुनवण्यात माझा हात धरणारा मी तरी अजून पाहिलेला नाही. त्या काचेवर माझं नाव दिसलं की वडिलांना फोटो पाठवणार.

२४ मार्च

बाईंचा नियम असा की प्रत्येक डागाला कारण हवं. हा ओरखडा कुणाचा, इथं हात कुणाचा लागतो, असं विचारत बसतात. उत्तर आलं नाही की फडक्यावर थिनर घेऊन पुसून टाकतात. काल मी खिडकीखाली गंजाचा छान ओघळ काढला होता. अंतराळात पाणी कुठून आलं, म्हणाल्या, आणि पुसला. वर ऐकवलं, "तू डाग टाकतोस, इगाराशी. ते कुत्र्यालाही जमतं."

माझ्याआधी इथं काझामा नावाचा माणूस होता. यानाची आतली खोली त्यानं रंगवली आहे. दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर नखाएवढा चालक. दुसरी खुर्ची रिकामी. तो काम सोडून गेला, एवढंच बाई सांगतात. बरं रंगवायचा. बरं म्हणजे बरंच.

१ एप्रिल

आज बाईंनी दारातलं मीठ बदललं. दर एक तारखेला आणि पंधराला बदलतात. हातमोजे घालून जुनं मीठ कागदात बांधलं, आबे नदीच्या वाहत्या पाण्यात सोडून आल्या. मी म्हटलं, ओदेनच्या रश्शात टाकलं असतं की. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझा चहा थंड झाला. त्या मिठानं काय शोषलंय ते तुला माहीत नाही, त्याला हात लावायचा नाही, म्हणाल्या.

माहीत व्हायला वेळ लागला नाही. समोर माकिताकाकूंची ओदेनची टपरी आहे. काळ्या रश्शातली अंडी काड्यांना टोचता टोचता काकूंनी सगळं सांगितलं. काझामा गेला म्हणजे मेला, गेल्या पानगळीत, याच घरात, याच टेबलावर डोकं टेकून. डावखुरा होता आणि सारखी विडी ओढायचा. जन्मभर बाईंची यानं त्यानं जुनवली, पण एकाही काचेवर बाईंनी त्याचं नाव येऊ दिलं नाही. त्याच्या अंत्यविधीहून आल्यावर, त्यानं परत घरात येऊ नये म्हणून, बाईंनी दारात मीठ मांडलं. तरी दिवेलागणीला तो गल्लीतून येतो म्हणे, कामावर आल्यासारखा. दारापर्यंत येतो आणि परत फिरतो.

मी दोन अंडी खाल्ली आणि पोटभर हसलो. मेल्यावरही कामावर येणारा माणूस! नाव मिळालं नाही यात काही नवल नाही.

१४ एप्रिल

मिठावरून आठवलं. पोपडे उडालेला रंग दाखवायला आम्हीही मीठच वापरतो. आधी गंजाचा रंग द्यायचा, त्यावर पाणी मारून मीठ भुरभुरायचं, वरून पांढरा फवारायचा. सुकल्यावर दात घासायच्या ब्रशनं मीठ झाडलं की तिथं तिथं खालचा गंज उघडा पडतो. पण स्वयंपाकाचं मीठ बारीक आणि जाड मीठ एकसारखं. सगळे पोपडे एका मापाचे येतात. तुझ्या यानाला गोवर आलाय, म्हणाल्या बाई, आणि सगळं पुसलं. चार दिवसांची मेहनत गेली.

आज त्या बाहेर गेल्या होत्या. दार झाडताना माझं लक्ष त्या सुळक्यांकडे गेलं. पंधरवडाभर दमट हवा खाऊन मिठाचे खडे झालेले, कुठे राईएवढे, कुठे तांदळाएवढे, कडेला पापुद्रे. असं मीठ कुठल्या दुकानात मिळत नाही. दोन्ही बश्या माझ्या डब्यात रिकाम्या केल्या आणि कागदाच्या सुरळीत घरचं मीठ दाबून नवे सुळके उभे केले. उद्या बाई माझंच मीठ भक्तिभावानं नदीला अर्पण करतील.

१६ एप्रिल

जमलं! असं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. झडपेच्या कडा, शिडीच्या पायऱ्या, हाताची मूठ जिथं पडेल नेमका तिथला रंग उडालाय. मी मीठ तर नुसतं भुरभुरलं होतं. बाई भिंग घेऊन कितीतरी वेळ बघत राहिल्या. कारणं विचारली नाहीत. मीठ कुठलं, एवढंच विचारलं. मी म्हटलं, बाजारचं.

"असं काम एकाच माणसाला यायचं," म्हणाल्या.

आता दोघांना येतं. मी आज स्वतःला बिअर पाजली.

१९ एप्रिल

यानावर नवे पोपडे उडालेत. मी केलेले नाहीत. झडपेभोवती चार बोटं आणि एक अंगठा, डाव्या हाताचे.

खोलीत विडीचा वास येतो. माझे कुंचले धुऊन टेबलाच्या डाव्या अंगाला ओळीनं मांडलेले होते. मी उजव्या हाताचा आहे, आणि कुंचले वेळेवर कधी धूत नाही.

खोड्या बाईंच्याच असणार. त्यांना मिठाचं कळलं असावं.

२३ एप्रिल

डाव्या हाताच्या पाठीवरून कातडीचा एक पोपडा निघाला. रक्त नाही, दुखलंही नाही. खाली तपकिरी. बोट फिरवलं तर बोटाला भुकटी लागली.

थिनर बाधलं असेल म्हणून मोजे घातले. संध्याकाळी काढले तर बोटांच्या पेरांवर, अंगठ्याच्या मुळाशी, जिथं डावखुऱ्याचा कुंचला टेकतो तिथं पोपडे उडाले होते. बरोबर तिथंच, जिथं हात झिजतो. उगाच टाकलेला एकही डाग नाही. प्रत्येकाला कारण आहे.

काम उत्तम आहे. मला ओळखू येतं म्हणून तर मोजे परत चढवलेत.

२७ एप्रिल

बाईंना सगळं सांगितलं, मिठासकट. वाटलं, ओरडतील. त्यांनी माझा हात दिव्याखाली ओढला आणि भिंग लावलं. मॉडेल बघतात तसा उलटापालटा करून बघितला. चेहऱ्यावर काय होतं सांगू? आनंद होता.

म्हणाल्या, काझामा तोच आहे, बदलला नाही. कोरी वस्तू हातात मिळाली की त्याला राहवत नसे. मी म्हटलं, देवळातून कुणाला तरी बोलवा, हवे तर पाय धरतो. प्रदर्शन झाल्यावर बघू, म्हणाल्या. यान पूर्ण होऊ दे. तो इतकं चांगलं कधीच करत नव्हता.

मी रडलो. माझं काय, माझ्या नावाचं काय, विचारलं.

"सांगितलं ना, ज्याचं काम, त्याचं नाव."

मग त्यांनी दारात ताजं मीठ मांडलं.

२८ एप्रिल

पिशवी भरली. दार सताड उघडं, कडी नाही, कुलूप नाही. समोर काकूंच्या टपरीची वाफ दिसत होती. उंबऱ्यावर पाय उचलला आणि तो पुढे पडेना. मिठाच्या दोन सुळक्यांमधून पाय पुढे पडतच नाही. मी ढोपरांवर गेलो, सरपटलो, बशीला हात घातला तर बोटाचं टोक गळून पडलं.

ते मीठ त्याला आत येऊ देत नव्हतं. आता तो माझ्या अंगात आहे. म्हणून मला बाहेर जाऊ देत नाही.

काकूंना हाका मारल्या. त्यांनी बघितलं. "काझामासान, घरी जा हो," म्हणाल्या आणि डब्यातलं मूठभर मीठ माझ्या तोंडावर फेकलं. जिथं जिथं लागलं तिथं तिथं गालाचे पोपडे उडाले. मग टपरीचा पडदा ओढून घेतला.

३ मे

आरशात बघितलं. डोळ्याखालून हनुवटीपर्यंत गंजाचा ओघळ.

पाणी कुठून आलं, बाई? आता विचारा की. आता कारण आहे.

त्या पुसत नाहीत. मी थिनर मागितलं तर बाटली वरच्या फळीवर ठेवली. फळी उंच वाटते. काल हात पुरत होता.

७ मे

सगळंच उंच झालंय. खुर्चीवर चढलो, तिथून टेबलावर. दमलो. पेन दोन्ही हातांनी धरतोय.

यान पूर्ण झालं. फार सुंदर — आई, फार सुंदर झालंय ते.

बाई फोनवर कुणाला सांगत होत्या की पोरगा सोडून गेला. हल्लीची मुलं टिकत नाहीत म्हणे.

१० मे

पेन उचलत नाही. पेन्सिलीच्या शिशाचा तुकडा —

बाईंनी चिमट्यानं उचललं. कंबरेत. मी ओरडलो, त्यांनी फुंकर मारून धूळ उडवली. यानातल्या दुसऱ्या खुर्चीवर बसवलं. खाली गोंद होता. अजून ओला —

शेजारचा चालक माझ्याकडे बघत नाही. विडीचा वास येतो.

बहुतेक १३ मे

शेजारची खुर्ची रिकामी. तो उठून गेला. त्याला जाता येतं —

दारातलं मीठ बाईंनी काढलं असेल. विडीचा वासही —

काचेची पेटी वरून खाली येतेय. दिवे. माणसं, केवढाले डोळे. कुणीतरी म्हणतंय, चालकाचा चेहरा बघ, किती खरा केलाय —

समोर काच. नाव कोरलंय! आलं नाव, शब्द पाळला बाईंनी. वडील बघतील. आतून उलटं दिसतंय, एकेक अक्षर लावत वाचावं लागतं. वरचं बाईंचं. खालचं —

पहिलं अक्षर 'का'.

बाई, माझ्या नावात 'का' कुठे —