साबणाच्या फेसात वाचलेलं इंजिन

खोपोली,
१४ फेब्रुवारी १९७४

आदरणीय दाजींना काळूरामचा सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा आता परळचा जिना चढू देतो का? पुतळाक्काचा खोकला थांबला असेल. इकडे सगळे धडधाकट आहोत, फक्त सुंदरा माझ्याशी बोलत नाही. कारण पुढे येईलच.

आमच्या कारखान्यातलं रुळांवरचं छोटं वाफेचं इंजिन तुम्ही पाहिलंय. (पाण्याच्या टाक्या कुशीला बांधलेल्या, मागे कोळशाचा वेगळा डबा नाही, तेच.) १९०८ साली विलायतेत घडलेलं. त्याचा बॉयलर सव्वीस वर्षं मी सांभाळला. डिझेल इंजिन आल्यापासून नऊ वर्षं ते शेडमध्ये पडून होतं. सोमवारी गॅसकटरने कापणार असं कळलं. निवृत्त माणसाला अधिकार कसला? तरी मॅनेजरसाहेबांना जाऊन म्हटलं, असं इंजिन आता या भागात उरलेलं नाही, जतन करा. ते म्हणाले, "चालवून दाखवा, मग बघू."

शनिवारी सकाळी मी आणि जुना ड्रायव्हर धाऊ, आम्ही भट्टी पेटवली. टाक्या जागोजागी गळत होत्या, म्हणून सुंदराच्या कपड्याच्या साबणाच्या सात वड्या भोकांत कोंबल्या. (न विचारता. म्हणून अबोला.) वाफ धरली तसा धाऊ म्हणाला, "शिटी देऊ का रं? लई दिस झालं." मी हो म्हटलं. ती निघाली थेट कारखान्याच्या भोंग्यासारखी! साडेदहालाच जेवणाची सुट्टी समजून सगळे कामगार डबे घेऊन बाहेर. साहेब तणतणत इंजिनापुढे आले, आणि नेमकं तेव्हाच साबणाचं पाणी बॉयलरमध्ये उकळून धुराड्यातून फेसाचा लोंढा सुटला. साहेब डोक्यापासून बुटापर्यंत पांढरे. मला वाटलं, संपलं. पण इंजिन हललं, दाजी! वीस पावलं, चाळीस पावलं, थेट फाटकापर्यंत. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. धाऊ रडत होता, मीही. (वाफ डोळ्यांत गेली असं सांगितलं.) साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "चाललं खरं. कापत नाही. पण माझ्या आवारातून घेऊन जा."

आक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
काळूराम

ता. क. : कर्जतला स्टेशनमागे तुमचा रिकामा प्लॉट आहे ना, तो परवापासून रिकामा नाही. परवानगी असावी. पुढे बंगला बांधाल तेव्हा अंगण जरा लहान धरा.

आणखी एक : आक्काला मी आधीच विचारलं होतं. "पयलं इंजिन ठेव, मग त्यांना कळव," असं तीच म्हणाली. मी सांगितलं हे तिला सांगू नका.