आउटबॉक्समधलं जावक ४१७

१९ मे
मुख्याध्यापिका मॅडमचं फर्मान. शाळेचा ईमेल आता सगळ्यांनी ब्राउझरमध्ये उघडायचा, एकाच पासवर्डवर. माझ्या मशीनमधला डेस्कटॉपवाला प्रोग्राम बंद. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या शेळकेबाईंची शिफारस. मी म्हटलं, नेट गेलं की तुमचा वेबवाला आंधळा. माझ्याकडे चौदा वर्षांची टपाल जागेवर आहे, नेट नसलं तरी वाचता येते.
शेळकेबाई : "सर, आपल्या अमडापुरात नेट जाते ते लाइटसोबतच जाते. मग कशावर वाचता?"
सगळं ऑफिस हसलं. लोकांवर हसायला या ऑफिसला मीच शिकवलंय, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार.
शेवटी मॅडम म्हणाल्या, हेडक्लार्क तुम्ही आहात, शनिवारपर्यंत लेखी द्या, कोणता ठेवायचा आणि का.
दुसरं काम जास्त घाईचं. वैष्णवी वानखडेची पुरवणी परीक्षा. तिला लेखनिक मिळावा म्हणून आपण फेब्रुवारीत पाठवलेल्या मेलची प्रिंट वरच्या कार्यालयाने मागितली आहे. प्रिंट दिली की मंजुरी लगेच. नसेल तर नवा प्रस्ताव, आणि त्यात मागचा का आला नव्हता याचा खुलासा. मुदत २६.
प्रिंट काय, दोन मिनिटांचं काम.

२० मे
'पाठवलेले'मध्ये नाही.
तारखेने शोधलं, नावाने शोधलं. जावक रजिस्टर काढलं. क्र. ४१७, विषय, तारीख, पुढे माझ्याच वळणदार अक्षरात 'रवाना'. मग डावीकडे आउटबॉक्सपुढे कंसात एक आकडा दिसला. (१). तो तिथे फेब्रुवारीपासून आहे. रोज दिसत होता. भिंतीवरच्या पालीसारखा.
उघडला. तोच.
डॉक्टरांच्या दाखल्यातलं बारीक अक्षर वाचता यावं म्हणून मी तो सगळ्यात मोठ्या आकारात स्कॅन केला होता. एवढं जड ओझं बाहेर पडलंच नाही. मशीन तेव्हा काहीतरी बोललं असेल. ते इंग्रजीत कुरकुरतं, मी खिडकी बंद करतो. आणि मुळात माझी पद्धत : आधी जावक नंबर, मग शिक्का, मग 'रवाना', सगळ्यात शेवटी बटण. रजिस्टरात नंबर पडला की ते पत्र माझ्या लेखी पोचलेलं असतं.
वेबवाल्याने त्याच क्षणी सांगितलं असतं, फाइल मोठी आहे. शेळकेबाईंनी काल हेच सांगितलं होतं. मी तेव्हा त्यांच्या पर्सवर विनोद करत होतो.
मॅडमला म्हटलं, शोधतोय.

२१ मे
आज वानखडे आला. वैष्णवीचा बाप. भाजीपाला पिकवतो, आठवडी बाजारात बसतो. हातात वांग्यांची पिशवी.
"साहेब, या घरच्या वाडीतल्या हायेत. नाही म्हणू नका."
"कशाला बे आणलं हे?"
"तुम्ही पेपरात लिहिलं ना तिच्यासाठी. मले वाचता येत नाही, पोरीनंच वाचून दाखवलं. म्हणे बाबा, आपल्यासाठी कोणीतरी भांडून राह्यलं."
तो लेख मार्चमधला. खामगावच्या साप्ताहिकात माझा स्तंभ असतो. कडबाकुट्टीच्या यंत्रात पोरीच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, दहावीला लेखनिक हवा होता, मंजुरीचं पत्र आलं नाही, केंद्रावर ऐकेनात, पोर सगळे पेपर डाव्या हाताने अर्धेमुर्धे लिहून आली. मी पेटून लिहिलं. "वरच्या कार्यालयात मेल जातो तो थेट पोटात, ढेकरसुद्धा बाहेर येत नाही." हे वाक्य चिखलीपर्यंत गाजलं. एकाने स्टेटसला ठेवलं. मी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. अजून आहे.
दोन विषय गेले तिचे. गणित आणि विज्ञान.
वानखडेला विचारलं, पोरगी कशी आहे? "बरी हाय. डाव्या हातानं घोटून राह्यली. अक्षर आता दिसते जरासं." जाताना पाया पडायला वाकला. माझ्याच वयाचा माणूस. मी मागे सरलो ते त्याला विनय वाटला.
घरी वांग्याचं भरीत झालं. हिने विचारलं, मीठ कमी आहे का? म्हटलं, नाही.

२२ मे
वरच्या कार्यालयातल्या टपाल बघणाऱ्या बाबूला फोन केला. कशासाठी केला, मलाही माहीत नाही. कदाचित त्याने चिडून बोलावं म्हणून. तो चिडलाच नाही.
"सर, मी तीनदा शोधलं होतं हो. स्पॅममधी बी पाह्यलं. तुमचा लेख आल्यावर मले साहेबांनी सगळ्यांसमोर उभं केलं. आता तुम्ही प्रिंट पाठवली तर मी माझी चूक लिहून देतो. फक्त पोरीचं काम होऊ द्या."
म्हणजे न केलेली चूक तो मान्य करायला तयार. आणि केलेली...
दुपारी लेखी मत तयार केलं. एक पान. 'डेस्कटॉप आवृत्ती कायम ठेवणे का आवश्यक आहे.' गोपनीयता, जुनी टपाल, नेटवर अवलंबून नसणे. मुद्देसूद, ठाम, वाचून कुणालाही पटेल असं. त्यातला खरा मुद्दा एकच, तोच लिहिला नाही : डेस्कटॉपचा आउटबॉक्स फक्त माझ्या टेबलावर उघडतो.

२३ मे
लिहू की नको. लिहितो, ही वही कोण वाचणार.
आज जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात एकटा होतो. कॉम्प्युटरचं घड्याळ मागे नेलं. फेब्रुवारीवर. कोपऱ्यात तारीख बदलली. आता बटण दाबलं, प्रिंट काढली तर कागदावर कदाचित तीच तारीख येईल. दाखला लहान करून जोडला की झालं. बाबू चूक कबूल करायला बसलाच आहे.
बाहेर चपला वाजल्या. घड्याळ मेमध्ये आणलं. शेळकेबाई होत्या, स्टेपलर मागायला.
"सर, घाम कायचा एवढा? पंखा सुरू हाय ना."
"वय."
"काऊन, कालपर्यंत तर तरुण होते."
मी हसलो. गावभर लोकांच्या लबाड्या हुडकून त्यांचे कपडे उतरवतो, दर आठवड्याला, आठशे शब्दांत.

२४ मे
मत दिलं नाही. मॅडमला सोमवार म्हटलं. त्या म्हणाल्या, "अहो, ईमेलचं राहू द्या, वैष्णवीची प्रिंट कुठे आहे? सोमवारी मुदत संपते." म्हटलं, सोमवारी सकाळी तुमच्यासमोर असेल. हे मी का बोललो.
साप्ताहिकाच्या संपादकाचा फोन. या वेळचा स्तंभ कधी देता? विषय सुचत नाही म्हटलं. तो म्हणाला, तुम्हाला? आणि मोठ्याने हसला.

२५ मे, रविवार
दुपारी शाळेत गेलो. शिपायाकडून किल्ली घेतली. उन्हाने पत्रा तडतडतोय. आधी माझा जुना प्रोग्राम उघडला, ४१७ वर जाऊन बसलो. अर्धा तास. मग तो बंद केला आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणहून वेबवाला उघडला. शेळकेबाईंच्या अक्षरात पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवलेली आहे, ती बघून.
नवा प्रस्ताव लिहिला. दाखला लहान करून जोडला, एका दमात चढला. मग खुलासा :
"आमचे जा.क्र. ४१७ हे पत्र शाळेतून बाहेर पडलेच नव्हते. आपल्या कार्यालयातील कर्मचाऱ्याची यात काहीही चूक नाही. चूक निम्नस्वाक्षरीकाराची असून मार्चमध्ये वृत्तपत्रात जे छापून आले ते"
इथे थांबलो. पुढचा शब्द येईना. एवढे शब्द खर्च केले आजवर.
जपून ठेव असं मी कुठेच म्हटलं नव्हतं. पण कोपऱ्यात आपोआप उमटलं, मसुदा जतन केला. जुना प्रोग्राम असता तर बंद करताना विचारलं असतं, ठेवू का टाकू? आणि टाकला असता तर कुणाला कळलंही नसतं. इथे खातं सगळ्यांचं आहे. उद्या साडेदहाला मॅडम चिखलीहून येतील, पंखा लावतील, ईमेल उघडतील. डावीकडे मसुद्यांपुढे एक आकडा असेल.
बाण कचऱ्याच्या डब्याच्या चित्रावर नेला. उजवा हात. पाचही बोटं जागेवर.
दाबलं नाही. पाठवलंही नाही. कुलूप लावून घरी आलो.
हिने वांग्याची भाजी वाढली, पिशवी अजून संपली नाही. जेवताना मोबाइल ताटाशेजारी होता. शेळकेबाईंनी सोमवारीच सांगितलं होतं की वेबवाला कुठूनही उघडता येतो, घरबसल्या, फोनवरसुद्धा. पासवर्ड आता पाठ आहे.
साडेदहाला अजून वेळ आहे.