कालव्याच्या वळणावर आत्या

आत्या,

उठलीस की आधी चहा घे, थर्मासमध्ये आहे. गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवलीय. मी मैदानावरचा मांडव उतरवायला जातेय. खरं सांगायचं तर तुला तोंड दाखवायची लाज वाटतेय.

इस्पितळाच्या मदतीसाठीची आपली रात्रीची दौड छान झाली, असं सगळे म्हणतात. कालव्याचा रस्ता ऐनवेळी खोदलेला निघाला, म्हणून मी मार्ग बदलला. बाकीच्या स्वयंसेवकांना फोन केले. तुझा फोन माझ्याच पर्समध्ये होता, म्हणून म्हटलं, वळणावर जाऊन आत्याला मीच सांगते. मग माइक हातात आला. सगळ्यांचे आभार मानले, टाळ्या घेतल्या आणि घरी येऊन ढाराढूर झोपले. तुझ्या खोलीत डोकावलेसुद्धा नाही.

सकाळी दूधवाला हसत सांगत होता, की तू टॉर्च हलवून त्यालाही डावीकडे वळवलंस.

मागोमाग तू आलीस आणि दारातच विचारलंस, "सगळे सुखरूप पोचले ना गं? माझ्याकडे कोणी फिरकलंच नाही. म्हटलं, वाट चुकले की काय." मी नुसतं "पोचले" म्हणाले.

वाट कोणीच चुकलं नव्हतं, आत्या. मी तुला विसरले होते.

ठमी