आपलीच दारं

छोट्या,

तू जुन्या बाजारातून आणलेली सरकती दारं मी सकाळी कपाटाच्या नव्या सांगाड्यात बसवायला घेतली. पहिलं दार छान सरकलं. दुसरं आडवं करून चाकांना तेल घालायला गेले, तर कडेला निळ्या रबरी चपलेचा तुकडा ठोकलेला.

लहानपणी तुझं बोट दारात चेमटलं, तेव्हा बाबांनी स्वतःची चप्पल कापून ठोकलेला तोच तुकडा. तरी खात्री करायला वरचा पांढरा रंग खरवडला. खाली बाबांच्या कपाटाचा पोपटी निघाला.

मी बाबांकडे निघालेय. तू त्यांना फोन करू नकोस, तुला गोड बोलून गुंडाळतील. सुतार आला तर दाराला हात लावू देऊ नकोस. रबरामुळे ते बोटभर रुंद झालंय, तो तुकडाच कापायला बघेल. भात झाकून ठेवलाय, गरम करून खा.

परवाच मी बाबांना विचारलं होतं, नवा शर्ट पाठवू का. म्हणाले, "नको गं, कपाटात जागाच नाही."

ताई