खोलीत उजेड कमी होता

९ एप्रिल, बुधवार

घडलं ते क्रमाने.

१. शनिवारी, ५ तारखेला, आई जगदीशमामाकडे शिवडीला गेली. मामीने बोलावलं म्हणून. मामीला फोन मी केला होता – "आई दमलीय, दोन दिवस बोलावून घ्या."

२. त्याच दुपारी खालच्या मजल्यावर प्रितीच्या घरी व्हिडिओ केला. प्रितीच्या आईला, म्हणजे काकूंना, आमचा मसाला भाजताना दाखवलं. मागे त्यांचं देवघर.

३. काकूंना सांगितलं, आमच्या खोलीत उजेड कमी आहे.

४. व्हिडिओ ब्लॉगवर टाकला. खाली लिहिलं – 'आईच्या हातचा मसाला'. कोणाची आई, ते लिहिलं नाही.

५. चार दिवसांत ८७ ऑर्डरी. एरवी महिन्याला तीस येतात.

६. आज मामाच्या मनवाने तो व्हिडिओ आईला पाठवला. खाली हसणारे चेहरे.

७. आईने तो दोनदा बघितला. फोन उलटा ठेवला. भात लावला.

एक मुद्दा राहिला. आमच्या खोलीत उजेड भरपूर आहे. आमच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. शेगडीजवळून कॅमेरा कसाही लावला तरी ते येतात. मी चार कोन तपासले होते.

१० एप्रिल, गुरुवार

आईने नेहमीसारखा डबा भरून दिला. सुकट, भाकरी. मी "थँक्यू" म्हटलं. थँक्यू! आईला!

११ एप्रिल, शुक्रवार

माझगावच्या प्रयोगशाळेत दिवसभर लोकांचं तेल, पीठ, मसाले तपासते. भेसळ सापडली की अहवालावर माझी सही. आज हळदीचा एक नमुना नापास केला. खाली सही केली, पूर्ण नावाची.

मग जेवणाच्या सुट्टीत दोन वर्षांचे सगळे मेसेज काढले. मला कोणी काही म्हटलं होतं का, ते मोजायला. ब्लॉगवर मी फक्त 'पूर्वी' आहे, मर्चंडे कुठेच नाही. तरी आडनाव पाच जणांनी विचारलं. पाचांनाही मी उत्तर दिलं नाही. चौघांनी तरीही मसाला मागवला. पाचव्या बाईंनी लिहिलं होतं – "मसाला कुठल्या घरातला ते कळलेलं बरं असतं." त्या परत आल्या नाहीत.

म्हणजे एक. दोन वर्षांत एक. एका नमुन्यावरून मी निष्कर्ष काढला आणि आईला शिवडीला पाठवलं. पण ते एक वाक्य मला पाठ आहे, हेही खरं. बाकीच्या चौघांनी काय लिहिलं होतं, ते मात्र शोधून वाचावं लागलं.

१२ एप्रिल, शनिवार

८७ ऑर्डरींचा मसाला कुटायला न्यायचा होता. आईने रात्रीच भाजून ठेवला होता. सकाळी मी म्हटलं, "चल ना, लालबागला." ती म्हणाली, "तू जा. धंदा तुझा."

आपला मसाला डंकावर, म्हणजे कुटायच्या यंत्रावर, पडला की आपण त्याच्याजवळ बसायचं, ही तिथली रीत. दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून. वीस वर्षं आई बसते. पप्पांची नोकरी सुटली तेव्हापासून. त्या मसाल्यावर माझी फी गेली. ब्लॉगवर मी लिहिलंय – 'प्रत्येक वेळी मी स्वतः डंकावर हजर असते.' मी आज पहिल्यांदा बसले.

डंकवाले रघुकाका मला बघून म्हणाले, "मालकीणबाई कुठायत? आज शिकाऊ पाठवलीय काय?" शेजारच्या बाया हसल्या. एकीने विचारलं, "तूच ना गं ती मोबाईलवाली? तुझी आई अशी कशी दिसायला लागली?" मी फोन काढला आणि नसलेला मेसेज वाचत बसले.

फोनवर वेळ लावून ठेवली होती, चाळीस मिनिटं. बरोबर चाळीसला थांबवा म्हटलं. रघुकाकांनी चिमूट घेऊन बोटांत चोळली. "तापला. रंग गेला बघ. तुझी आई मध्ये दोनदा थांबवते, हात घालून बघते."

"किती मिनिटांनी?"

"ते तिला विचार. घड्याळ लावून नाही बसत ती."

दोन वर्षं लिहितेय मी – मिरचीचा रंग कसा टिकवावा, यावर.

घरी आईने पिशवी उघडली, वास घेतला. "हा विकू नकोस," एवढंच म्हणाली. सकाळनंतरचं पहिलं वाक्य.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. चाळीत पहाटेपासून गडबड. आईची पांढरी साडी, खीर, मेणबत्त्या. खालून काकू खीर खायला आल्या, दरवर्षी येतात. आई त्यांच्याशी नेहमीसारखी बोलली. काकूंना अजून काही माहीत नाही.

पाडव्याला ब्लॉगवर रांगोळी टाकली होती, शुभेच्छा, दोन पाकिटांवर सवलत. आज लिहिलं – 'आज पार्सल जाणार नाहीत. सुट्टी.'

आई फोटोंना हार घालत होती. मागे न बघता म्हणाली, "सुट्टी कसली, ते लिहायचं राहिलं."

म्हणजे आई ब्लॉग वाचते. रोज वाचते!

मी म्हटलं, "जागा नव्हती."

जागा. ब्लॉगवर.

१७ एप्रिल, गुरुवार

काकूंना कळलं. प्रितीने सांगितलं असणार, तिला मी कारण सांगितलं होतं. जिन्यात गाठलं त्यांनी मला. हातात भाजीची पिशवी.

"काय गो, माका सांगलंस उजेड नाय म्हणान?"

मी भिंतीकडे सरकले.

"तुझ्या आवशीच्या खोलीक दोन खिडक्यो. माझ्याक एक. माका तेव्हाच कळाक होया होता." पिशवी खाली ठेवली. "पंचवीस वर्सां आम्ही एकमेकीच्या घरात जेवतो. प्रिती झाली तेव्हा माझा सगळा तिनाच केल्यान. आणि तू माका तिच्या जागेर बसवलंस? तिका काय वाटला असात? मी मुद्दाम बसलंय असा?"

"नाही काकू, आईला माहितीय –"

"काय म्हायती? तू सांगलंस?"

नव्हतं सांगितलं.

काकू पिशवी तिथेच ठेवून वर आमच्या घरी गेल्या. मी खाली उभी. वीस मिनिटांनी आल्या. डोळे लाल. पिशवी उचलली, माझ्याकडे बघितलं नाही.

मी एका माणसाला लपवायला गेले आणि दुसऱ्याला खोटं पाडलं. याचा विचारही केला नव्हता. कॅमेऱ्याचे चार कोन मात्र तपासले होते.

२० एप्रिल, रविवार

आज सगळं नीट करायचं ठरवलं. ब्लॉगसाठी नवीन लेख लिहिला. मथळा – 'माझ्या घरची भिंत'. सगळं कबूल केलं. आईचं पूर्ण नाव, बकुळा राजाराम मर्चंडे. शेगडी आणि मागची भिंत असा फोटो, दुपारच्या चांगल्या उजेडात. अकराशे शब्द. शेवटचा परिच्छेद चार वेळा लिहिला. फोटोचा रंग थोडा वाढवला.

चांगला झालाय. मीच तो तीनदा वाचला.

उद्या आईला दाखवीन, मग टाकीन.

२१ एप्रिल, सोमवार

आईने चष्मा लावून पूर्ण वाचला. कुठेही न थांबता. मग विचारलं –

"छान लिहिलंयस. किती ऑर्डरी येतील?"

मी म्हटलं, त्यासाठी नाही लिहिलं.

"फोटोखाली काय आहे मग ते?"

बघितलं. 'इथे मागवा' हे बटण. प्रत्येक लेखाखाली आपोआप येतं. मी काढलं नव्हतं. लक्षातच आलं नव्हतं.

आई म्हणाली, "आधी भिंत झाकून विकलंस. आता दाखवून विकशील. पुढच्या वर्षी बाबासाहेबांना पाकिटावर छाप." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "हजार लोकांना सांगायला निघालीस. मला अजून एक शब्द बोलली नाहीस, पूर्वी. बारा दिवस झाले."

तिनेही मोजले होते.

मग उठली. मिरच्यांचं रिकामं पोतं घडी करून माळ्यावर टाकलं. "मी आता मसाला करणार नाही. तुझी कारागीर नाही मी."

२२ एप्रिल, मंगळवार

लेख पुसला. व्हिडिओ काढला. ब्लॉगवर फक्त एवढं – 'व्हिडिओतल्या बाई आमच्या शेजारी आहेत, माझी आई नाही. मी खोटं दाखवलं. मसाला माझी आई बकुळा राजाराम मर्चंडे करत आली आहे. डंकावरही तीच बसते. नवीन ऑर्डरी बंद.' फोटो नाही. बटण काढलं.

२३ एप्रिल, बुधवार

८७ पैकी १९ जणांनी ऑर्डर रद्द केली. मी खोटं बोलले म्हणून, की नाव वाचून – हे मोजायची सोय नाही. पहिल्यांदाच काही मोजावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी काकूंकडे गेले. दारातच माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माका कित्याक सांगतंस? वर जा."

वर गेले. आई भांडी घासत होती. मी विचारलं, गॅस संपत आला का. ती म्हणाली, नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

आजही नाही जमलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

आई,

ही वही तुझ्या उशाशी ठेवून कामाला जातेय. पहिल्या पानापासून वाच. यातलं काहीच कोणाला दाखवायला लिहिलेलं नाही, म्हणून कदाचित खरं असेल.

मला आपल्या घराची लाज वाटली. तू काही केलं नव्हतंस. मला माफ कर.

मसाला पुढे करायचा की नाही, केलास तर कसा विकायचा, आणि मी त्यात असावं की नाही, ते तू ठरव. नको म्हणालीस तर ब्लॉग कायमचा बंद करते. तोंडाने सांग, नाहीतर इथेच खाली लिही. रविवारी संध्याकाळपर्यंत सांग, सोमवारी उरलेल्या ६८ जणांना कळवायचंय.

पूर्वी