कवळीच्या ट्यूबा

१४ फेब्रुवारी २०११, गाव

अप्पांचं तेरावं झालं. घोंगडी पुजाऱ्याला, छत्री शेजारी. फळीवर कवळी चिकटवायच्या नऊ ट्यूबा निघाल्या, न फोडलेल्या. मागच्या खेपेला मीच उदगीरहून आणलेल्या. त्या बिरप्पाकाकांना दिल्या. अप्पांच्या जोडीनं चाळीस वर्षं जत्रेत ओव्या म्हणणारा माणूस, आणि कवळी तशीच ढिली.

काकांनी त्या धोतराच्या सोग्यात बांधल्या. म्हणाले, "आता तुझ्या बापाचा सूर बी मलाच लावावा लागंल. दात तरी जागी ऱ्हावेत."

आई हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

१९ फेब्रु., उदगीर

पतसंस्थेत पुन्हा रुजू. कुणी विचारू नये म्हणून मान खाली घालून काम केलं. दाढ दुखते.

मेडिकलवाल्यानं मला बघून सवयीनं दहा ट्यूबांचा पुडा काढून ठेवला. नको म्हटलं.

२३ फेब्रु.

दाढ काढली. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर तीच ट्यूब पडलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, आमचे अप्पा हीच वापरायचे.

"एक ट्यूब किती दिवस जायची?"

तीन दिवस, म्हटलं. महिन्याला दहा.

त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग एकेक विचारत गेल्या. पायाला मुंग्या? होत्या. चालताना झोक जायचा? जायचा. साखर? नव्हती, दोनदा तपासली होती. किती वर्षं? तीन.

अप्पांची चप्पल रस्त्यात पायातून निसटायची आणि त्यांना कळायचं नाही. एका पायात चप्पल घालून घरी यायचे. आम्ही हसायचो. तेही हसायचे. भालकीच्या डॉक्टरांनी वय झालं म्हणून ताकदीची इंजेक्शनं दिली होती.

बाई म्हणाल्या, या पेस्टमध्ये जस्त आहे. थोडं चालतं. रोज इतकं पोटात जात राहिलं की अंगातलं तांबं कमी होतं, मग नसा जातात. पायापासून.

मग अप्पा देवळाच्या पायऱ्यांवरून पडले, त्यातच गेले, ते यामुळेच का?

"त्यांचं रक्त कुणी तपासलं नाही. आता सांगता येणार नाही."

मीच आणून देत होते. तीन वर्षं. एक खेप चुकवली नाही.

२४ फेब्रु.

बाईंनी आणखी सांगितलेलं लिहून ठेवते. काल राहून गेलं.

लावायची ती कवळी कोरडी करून, तुरीच्या दाण्याएवढे तीन-चार ठिपके, दिवसातून एकदाच. एक ट्यूब महिनाभराहून जास्त जायला पाहिजे. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, पेस्ट पुसून टाकायची, हिरड्यांवरचीही. तोंडात फोड किंवा जखम असेल तर लावायचीच नाही. जस्त नसलेलीही मिळते. पण अप्पांची कवळी पंधरा वर्षांची. हिरड्या झिजतात, कवळी तेवढीच राहते. ढिली झाली की ती आतून भरून घ्यायची नाहीतर नवी करायची. पेस्टनं जागा भरायची नाही.

अप्पा रात्रीही काढायचे नाहीत. सकाळी कुणी आलं तर? जुन्यावरच नवी लावायचे.

काकांकडे त्या नऊ आहेत हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. उद्या सुट्टी मागते.

२६ फेब्रु., गाव

भालकीत बस बदलून दुपारी पोचले. आईला काही बोलले नाही. थेट काकांकडे.

ट्यूबा परत मागितल्या, कारणही सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दिल्याली वस्तू कामून मागायलीस? तुझा बाप कधी मागला न्हाई."

अप्पांनी काय दिलं होतं तुम्हाला?

"ट्यूबाच की. दर महिन्याला निम्म्या. पाच त्याला, पाच मला. ह्या खेपेच्या तेवढ्या वाटायच्या ऱ्हाऊन गेल्या. तुला ठाव न्हाई व्हय?"

ठाऊक नव्हतं.

काकू चुलीपाशी बसून म्हणाल्या, "दोघं म्हातारे नवरदेवावानी आरशाम्होरं बसायचे. बोटानं थापून थापून. मी म्हणायची, भिंत लिंपायलाव का?"

म्हणजे अप्पांच्या पोटात मी धरलं त्याच्या निम्मंच गेलं. एवढंच मनात आलं, आणि जरा हलकं वाटलं. मग काकांच्या पायांकडे लक्ष गेलं.

पाय कसे आहेत, विचारलं. "पायाला काय धाड भरली?" म्हणाले. पण पाय धोतरात ओढून घेतले.

ट्यूबा दिल्या नाहीत. पंधरा दिवसांवर जत्रा आली. पहिली ओवी आता त्यांनी धरायची. दात हलले तर बोल फुटत नाही, लोक हसतात. "जत्रा झाल्यावर फेकून देतो, बस्स?"

६ मार्च, गाव

पुन्हा आले. येण्याआधी डॉक्टरीणबाईंना फोन केला होता. पेस्ट आजच बंद करा, रक्त तपासायला बिदरला न्या, उशीर नको. नुकसान किती झालंय यावर आहे, म्हणाल्या. वेळेत थांबलं तर पुढचं थांबतं, गेलेलं सगळं परत येतंच असं नाही. काका ऐकत नाहीत म्हटल्यावर म्हणाल्या, मग घरीच एक बघा. डोळे मिटायला लावा, कापसानं पाऊल हलकं शिवा, लागलं की सांगू दे.

काका चिडले. "जत्रा तोंडावर अन् तू मला दवाखान्यात न्यायलीस?" मी म्हटलं, बिदर राहू द्या, हे एवढं करा. कळलं तर जत्रेपर्यंत पुन्हा विषय काढणार नाही.

"लौकर कर. खळ्यावर हरभऱ्याची रास चाललीया."

ओट्यावर बसले, पाय सोडले, डोळे मिटले. काकू दारात उभ्या.

डाव्या अंगठ्याला कापूस लावला.

"व्हय."

उजव्या पायाच्या करंगळीला.

"व्हय."

टाचेला.

"व्हय. झालं का?"

मी हात मागे घेतला. कापूस मुठीत धरून नुसती बसले. काकू काहीतरी म्हणणार होत्या, मी त्यांना थांबवलं.

"व्हय," काका म्हणाले. "हे बी कळलं."