परसातली घुबडाची पेटी

मु. पो. राहू

प्रिय दीक्षा,

आधी बातमी, मग बाकीचं. आपल्या पेटीत घुबडाची पिल्लं झालीत! तू सांगायचीस तेच गव्हाणी घुबड, पत्त्यातल्या बदामासारख्या पांढऱ्या तोंडाचं.

दिवाळीला तू आणि बाबांनी पॅकिंगच्या फळ्या ठोकून ती पेटी परसातल्या चिंचेवर चढवलीत, तेव्हा मला ती तुझी हौसच वाटली होती. तू गेल्यावर वस्तीत कुजबुज सुरू झाली. शेजारचे सर्जेराव आप्पा अंगणात येऊन म्हणाले, "करुणा, घुबड बोलावतीस व्हय? काढ ती पेटी." मी म्हटलं, "आप्पा, माझी पोरगी पाखरांचंच शिकतीय. शकुन-अपशकुन आमच्या घरात न्हाई." त्यांना मी पहिल्यांदाच उलटून बोलले. 

पुढं त्यांची म्हैस दगावली, तेव्हा तर माणसं शिडी घेऊनच आली. तेव्हा बाबांचं काम चालू होतं, ते घरी नव्हते. मी चिंचेला पाठ लावून उभी राहिले आणि विचारलं, "म्हशीला डॉक्टर दाखवला व्हता का?" दाखवला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिडी आली तशी माघारी गेली.

आता पेटीखाली रोज घुबडांनी ओकलेले उंदरांच्या हाडांचे गोळे सापडतात. गेल्या साली उंदरांनी रताळी पोखरली होती, यंदा अख्खी निघाली. आप्पांचा बांधाकडचा ऊसही उंदरांनी कुरतडला नाही. काल ते स्वतः आले, चिंचेकडं मान वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "दीक्षाला इचार, आमच्या उसात अशी पेटी कुठं बसवायची." तुझं नाव त्यांच्या तोंडून ऐकताना मला काय वाटलं, ते लिहिता येत नाही. मी सांगितलं, "परीक्षा झाली की ती येईल."

आणि दीक्षा, तू एम.एस्सी. सोडून कारेगावला कंपनीत लागणार, हे परवा तू बाबांना सांगत होतीस ना? फोन स्पीकरवर होता, भाकरी थापता थापता मी ऐकलं. फोनवर बोलले असते, तर तू मला समजावून गप्प केलं असतंस. म्हणून हे लिहिलं. बाबांचं काम सुटलंय, तुझं शिक्षण सुटणार नाही. या घरातून कुणाला कंपनीत जायचंच असेल, तर मी जाईन. तू परीक्षेला बस.

तुझीच,
आई